ग्लेशियरसाठी नंबरचा गॉगल: नंबर आधी, फ्रेम नंतर, रंग सगळ्यात शेवटी

मे महिन्याच्या हिमालय मोहिमांच्या बॅचा निघायच्या आधी पंधरा दिवस हमखास एक फोन येतो. "दादा, ग्लेशियर गॉगल मागवला, मस्त आहे. आता यात माझा नंबर बसेल ना?" बहुतेक वेळा उत्तर नाही असतं. फ्रेम फार वळलेली असते, नंबर उणे सहाच्या आसपास असतो आणि हातात पुरेसे दिवस नसतात. मग घाईघाईत नेहमीच्या चष्म्यावर काळी क्लिप लावून माणूस मनालीच्या बसमध्ये बसतो.

हे मी स्वतः केलंय. माझा नंबर उणे ५.२५. पहिल्यांदा मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर गेलो तेव्हा चष्म्यावर चिमट्याची क्लिप होती, चांगली काळीकुट्ट. दिवसभर काही जाणवलं नाही. संध्याकाळी तंबूत सूप पिताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं आणि रात्री अकरापर्यंत हेडलॅम्पचा उजेडही सहन होईना. क्लिपच्या काचेत दोष नव्हता, उजेड गालांकडून आणि बाजूंनी आत येत होता.

म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. क्रम उलटला की पैसे वाया जातात, कधी कधी मोहीमही.

## टप्पा १: निघण्याआधी आठ आठवडे नंबर तपासून घ्या

जुना कागद चालणार नाही. नवी तपासणी करा आणि ती सकाळी करा. दिवसभर स्क्रीनकडे बघून थकलेल्या डोळ्यांचा नंबर थोडा इकडेतिकडे येऊ शकतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असताना तपासा, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो.

कागदावर एवढं लिहून घ्या: दोन्ही डोळ्यांचा गोल नंबर, सिलिंडर (तिरका नंबर) आणि त्याचा अक्ष, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर. दुकानात त्याला पीडी म्हणतात. ते उजव्या आणि डाव्या डोळ्याचं वेगवेगळं मागा. "टोटल ६४" एवढं लिहून देत असतील तर थांबा. वळलेल्या फ्रेममध्ये एका बाजूला दीड मिलिमीटर चुकलं तरी चढताना डोकं जड होतं आणि माणूस ते उंचीमुळे होतंय असं समजतो.

चाळिशी ओलांडली असेल तर इथेच ठरवा: गॉगलमध्ये प्रोग्रेसिव्ह काच नको. तिचा खालचा भाग जवळच्या नंबरचा असतो आणि क्रॅम्पॉन (बुटाखालचे लोखंडी काटे) कुठे पडतोय हे आपण त्याच भागातून बघतो. पाऊल ठेवायची जागा धूसर दिसणं परवडत नाही. फक्त दूरचा नंबर घाला. नकाशा वाचायला किंवा गाठ तपासायला छोटा रीडिंग चष्मा खिशात ठेवा.

थांबा, आधी डॉक्टरांना विचारा: पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत उंचीवर जायचंच नाही. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. नंबर घालवायची जुनी चिरा देण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे रेडियल केराटोटॉमी, झालेल्यांची नजर उंचीवर बदलते. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स यांना याचमुळे दिसेनासं झालं होतं. लेसरवाल्यांना एवढा त्रास सहसा होत नाही, तरी शस्त्रक्रिया अलीकडची असेल तर विचारून घ्या.

## टप्पा २: नंबर कुठे बसवायचा ते ठरवा

मार्ग चार. माझं मत आधीच सांगतो: नंबर उणे चारच्या आत असेल तर पहिला, त्यापुढे दुसरा किंवा तिसरा. चौथा फक्त राखीव म्हणून.

थेट नंबरची काच. गॉगलच्या फ्रेममध्ये तुमच्या नंबरची गडद काच. वापरायला सगळ्यात सोपं: एकच वस्तू, धुकं धरणारे पृष्ठभाग कमी. अडचण वळणाची. नेहमीच्या चष्म्याची काच जवळपास सपाट असते, बाजूंनी गुंडाळलेला गॉगल खूप वळलेला असतो. दुकानात याला बेस कर्व्ह म्हणतात आणि अशा गॉगलचा तो साधारण ८ असतो. एवढ्या वळणावर मोठा उणे नंबर घातला की काचेची कड जाड होते, गालाला टोचते आणि कडेचं चित्र ताणलेलं दिसतं. सिलिंडर दोनच्या वर असेल तर आणखी त्रास. लॅबने फ्रेमचं वळण आणि झुकाव धरून नंबर दुरुस्त करून द्यायला हवा. "असं करता का?" असं सरळ विचारा. समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

आतला इन्सर्ट. गॉगलच्या मागे अडकवायची नंबरची छोटी फ्रेम. मोठ्या नंबराला बरी, कारण इन्सर्टची काच कमी वळलेली असते आणि बाहेरची गडद काच बदलता येते. तोटा धुक्याचा: दोन काचांच्या मध्ये वाफ अडकली की पुसायला जागा नाही. पापण्या लांब असतील तर त्या काचेला घासतात, दुकानात उघडझाप करून बघा. चारच्या वरच्या नंबरला आणखी एक गोष्ट. काच डोळ्यापासून नेहमीपेक्षा जवळ किंवा लांब गेली की नंबराचा परिणाम बदलतो. ते अंतर लॅबला कळवावं लागतं.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि बिननंबरी गॉगल. पाचच्या पुढचा नंबर असणारे अनेक गिर्यारोहक शेवटी याच मार्गावर येतात, मीही आलो. कडेचंही स्पष्ट दिसतं आणि गॉगल कुठलाही चालतो. पण रोज फेकायच्या, डेली लेन्सच घ्या. बेस कॅम्पवर काळवंडलेल्या बोटांनी महिन्याची लेन्स धुणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. लेन्सच्या पाकिटातलं पाणी गोठतं, म्हणून रात्री ती पाकिटं झोपायच्या बॅगेत. लेन्स घालून झोपायचं नाही, समिटहून (शिखरावरून) रात्री उशिरा परतलात तरी. आणि लेन्सवर "यूव्ही ब्लॉकिंग" (अतिनील किरण अडवणारी) छापलेलं असलं तरी गॉगल सुटत नाही, कारण ती फक्त बुबुळ झाकते, बाकीचा डोळा उघडाच राहतो.

चष्म्यावरून घालायचा गॉगल. म्हणजे स्कीइंगचा मोठा, चष्मा मावणारा. वारा आणि भुरभुर बर्फ असेल तेव्हा याच्यासारखं काही नाही. पण ऊन तापल्यावर दोन तास चढलात की आतला चष्मा पांढरा होतो.

तपासा: तुमचा नंबर, सिलिंडर आणि निवडलेला मार्ग एका ओळीत लिहा. ही ओळ लिहून होत नाही तोवर फ्रेमच्या काचपेटीसमोर उभे राहू नका.

## टप्पा ३: फ्रेम, उजेड कुठून शिरतो ते बघून

पुण्याहून निघून फ्रेंडशिपच्या ५२८९ मीटरपर्यंत जाताना आपण साधारण पावणेपाच हजार मीटर चढतो. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे वर ते घरच्यापेक्षा जवळपास दीडपट. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील परत फेकतो, गवत त्यातलं फारच थोडं. सह्याद्रीत ऊन डोक्यावरून येतं, ग्लेशियरवर पायाखालूनही येतं. म्हणून फ्रेम निवडताना खालची कड आधी बघायची.

दुकानात करंगळीची चाचणी करा. गॉगल घालून गालाखालून, कानाजवळून आणि भुवईवरून करंगळी आत सरकते का बघा. सहज सरकत असेल तर तेवढा उजेड आत येणार. बाजूला चामड्याची किंवा मऊ रबराची झडप हवी, काढता येणारी असेल तर उत्तम. तिला हवेसाठी छिद्रं असावीत, नाहीतर काच सतत धुकं धरते.

उरलेलं पटकन: काड्या कानामागे वळणाऱ्या असाव्यात, नाकाचे पॅड रबरी असावेत, कातडीला लागणारा धातू कमीत कमी असावा. गळ्यात अडकवायची दोरी हवीच. वाऱ्यात गॉगल काढला आणि हातातून सुटला तर तो हिमभेगेत जातो, परत येत नाही.

फ्रेम बघायला जाताना हेल्मेट, बफ (गळ्यात घालून तोंडावर ओढायची कापडी नळी) आणि लोकरी टोपी बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. हेल्मेटचा पट्टा काडीवर दाबला गेला की गॉगल नाकावर वर उचलला जातो आणि खाली फट पडते. ही फट आरशात लगेच दिसते, हिमालयात ती संध्याकाळी कळते.

इशारा: "ही फ्रेम नंबरला चालते" हे वाक्य लॅबकडून यायला हवं. फ्रेम विकणाऱ्याच्या तोंडून आलं तर त्यावर विसंबू नका. पैसे देण्याआधी नंबरचा कागद आणि फ्रेमचा फोटो लॅबला पाठवायला सांगा.

## टप्पा ४: काच

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

### गडदपणा

गॉगलच्या काचांना शून्य ते चार अशा श्रेणी आहेत. श्रेणी ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत सोडणारी काच, श्रेणी ४ म्हणजे ३ ते ८ टक्के. समुद्रकिनारा, गाडी, सिंहगड यांना तीन पुरते. उन्हातल्या ग्लेशियरला चार लागते.

आता दुकानातली भाषा. तिथे टिंट "८५ टक्के" असा सांगतात. हा आकडा अडवलेल्या उजेडाचा, आणि श्रेणी मोजतात आत सोडलेल्या उजेडावर. ८५ टक्के टिंट म्हणजे १५ टक्के उजेड आत, म्हणजे श्रेणी ३. "सर, सगळ्यात डार्क दिलाय" असं सांगून दिलेल्या नंबरच्या गॉगलपैकी बहुतेक याच जागी येऊन थांबतात. आपल्याला ९२ टक्क्यांच्या वर टिंट हवा. नुसत्या रंगाने तिथवर जमलं नाही तर वर मिरर कोटिंग देऊन गाठता येतं. ऑर्डरच्या पावतीवर "डार्क" लिहू देऊ नका, "उजेड ८ टक्क्यांपेक्षा कमी" असं लिहून घ्या.

वरून गडद आणि खाली फिकट होत जाणारा ग्रेडियंट टिंट अजिबात नको. बर्फाचा उजेड खालूनच येतो.

### अतिनील

गडदपणा वेगळा, अतिनील संरक्षण वेगळं. रंगाने डोळ्याला आराम मिळतो, अतिनील अडवायचं काम काचेच्या द्रव्याचं किंवा त्यातल्या प्रक्रियेचं. काळी पण अतिनील आत सोडणारी काच साध्या काचेपेक्षा वाईट, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि किरण जास्त शिरतात. पावतीवर "यूव्ही ४००" हवं, म्हणजे सगळं अतिनील अडवणारी काच.

काही दुकानांत निळ्या-जांभळ्या उजेडाचा पेन काचेवर मारून "बघा, अडलं!" असं दाखवतात. तो पेन दिसणाऱ्या निळ्या उजेडाचा असतो. त्याने ब्लू कट कोटिंग कळतं, अतिनीलबद्दल काहीच कळत नाही. यूव्ही मीटर असेल तर त्यावर काच ठेवून आकडा बघा.

### द्रव्य

सीआर-३९ हे साधं प्लास्टिक रंग छान पकडतं, पण अतिनीलसाठी त्याला वेगळी प्रक्रिया लागते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही आणि अतिनील स्वतःच अडवतं, मात्र दुकानात त्यावर खूप गडद रंग चढवणं कठीण. १.६० इंडेक्सची काच मला मधला चांगला मार्ग वाटते: पातळ, चिवट आणि रंग बऱ्यापैकी घेणारी. त्याहून जास्त इंडेक्सच्या काचा आणखी पातळ असतात, पण काही गडद रंग नीट धरत नाहीत. लॅबला आधी विचारा, "या द्रव्यावर ९२ टक्के होईल का?"

### रंग आणि बाकीचे हट्ट

तपकिरी किंवा करडा. तपकिरीत बर्फावरचे चढउतार जरा उठून दिसतात, मी तोच घेतो. निळा, गुलाबी, पिवळा हे फोटोपुरते.

पोलराइज्ड काच चमक मारते, पण मोबाइल, घड्याळ, जीपीएसचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. नंबरच्या पोलराइज्ड काचा बहुधा श्रेणी ३ मध्येच येतात. शिवाय निळ्या बर्फाची चमक ही घसरण्याची सूचनाही असते. मी घेत नाही, घेणाऱ्यांशी वादही घालत नाही.

उन्हात काळी होणारी नेहमीची फोटोक्रोमिक काच ग्लेशियरला अपुरी. ती फार तर श्रेणी ३ पर्यंत जाते. थंडीत ती जास्त गडद होते हे खरं, पण परत फिकी व्हायला जास्त वेळ लावते. दोन ते चार श्रेणींत फिरणाऱ्या खास काचा मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी.

इशारा: श्रेणी ४ चा गॉगल घालून गाडी चालवायची नाही. रोहतांगच्या बोगद्यात तर विचारच नको.

## टप्पा ५: ताब्यात घेताना

गॉगल घालून "छान दिसतोय" म्हणून घरी येऊ नका. दुकानातच करा:

१. लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) दोन्ही काचांचा नंबर आणि अक्ष तपासायला लावा. कागदाशी ताडून बघा.

२. उजेड मोजायचं यंत्र असेल तर आकडा लिहून घ्या. नसेल तर नेहमीच्या उजेडाच्या खोलीत आरशासमोर उभे राहा. स्वतःचे डोळे काचेआडून स्पष्ट दिसत असतील तर काच पुरेशी गडद नाही. चाचणी ढोबळ आहे, पण श्रेणी दोनचा गॉगल ती हमखास पकडते. मिररवाल्या काचेला मात्र ती लागू नाही.

३. दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा. पायरी वर आल्यासारखी किंवा खाली गेल्यासारखी वाटली तर पीडी किंवा वळणाची दुरुस्ती चुकली आहे. "सवय होईल" हे उत्तर इथे घ्यायचं नाही.

## टप्पा ६: घरची तालीम

किमान तीन आठवडे हातात ठेवा.

भर दुपारी गच्चीवर तासभर गॉगल घालून दोर गुंडाळा, गाठी मारा, हार्नेसचं (दोर अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याचं) बकल लावा. हातमोजे घालून. श्रेणी ४ मध्ये काळ्या हार्नेसवरचं काळं बकल दिसत नाही, हे तेव्हा कळतं. मी माझ्या बकलाला पिवळी चिकटपट्टी लावली ती या तालमीनंतरच.

धुक्यासाठी घरगुती युक्ती: गॉगल दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मग नाकावर बफ ओढून गॉगल घाला आणि जिना धावत चढा. काच पांढरी झाली तर बफ नाकाच्या हाडाखाली आणायची सवय लावा, म्हणजे श्वास खाली जाईल. अँटिफॉगचा पुसणा मदत करतो, पण बफची सवय जास्त.

सह्याद्रीत चालून बघायचं असेल तर उघड्या पठारावर. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा झाडीत श्रेणी ४ घालून जाऊ नका, सावलीत पायरी दिसणार नाही.

## टप्पा ७: बर्फावर

समिटला आपण रात्री एक-दोनला निघतो. म्हणजे चढाईचा अर्धा भाग साध्या नंबरच्या चष्म्यावर होतो. दरवर्षी कोणीतरी हा चष्मा तंबूत विसरतं आणि अंधारात गडद गॉगल हातात धरून बसतं. साधा चष्मा नाकावर, गॉगल कडक डबीत, डबी जॅकेटच्या आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात ठेवलेला गॉगल गार पडतो आणि घातल्या घातल्या धुकं धरतो.

अदलाबदल सूर्य अंगावर यायच्या आधी करा. समोरच्या शिखरावर ऊन पडलेलं दिसलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबा, दोरी गळ्यात घाला, मग चष्मा काढा. ऊन आल्यावर तीव्र उतारावर दोन चष्मे सांभाळत बसणं म्हणजे एक घालवणं.

ढग आले तरी गॉगल काढायचा नाही. अतिनील ढगातूनही येतं. सगळं पांढरं होऊन श्रेणी ४ मधून काहीच दिसेनासं झालं तर श्रेणी २ किंवा ३ ची दुसरी काच लावा, उघड्या डोळ्यांनी चालू नका. विसाव्याला गॉगल कपाळावर सरकवू नका. घामाची वाफ थेट काचेवर बसते, आणि दहा मिनिटं डोळे उघडे राहतात ती वेगळीच. काच जॅकेटच्या बाहीने पुसू नका, तिच्यावरच्या बर्फकणांनी कोटिंग ओरखडतं. आधी झटका, मग मऊ कापड.

निघण्याआधी मोजा: नंबरचा गॉगल, साधा चष्मा, राखीव गॉगल. राखीव बिननंबरी असला तरी चालेल, तो साध्या चष्म्यावर बसतो एवढं बघा. लेन्स वापरत असाल तरीही साधा चष्मा हवाच. तीनही एका पिशवीत नकोत.

## डोळे लागलेच तर

हिमांधत्वाची लक्षणं तासाभरात दिसत नाहीत, साधारण सहा ते बारा तासांनी येतात: वाळू गेल्यासारखं टोचणं, पाणी, उजेड नकोसा होणं. म्हणून दुपारी "मला काही झालं नाही" याला अर्थ नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढा. तंबूत अंधार करा, डोळ्यांवर गार ओलं फडकं ठेवा, नेहमीची वेदनाशामक गोळी घ्या, चोळू नका. बधिर करणारे थेंब कोणी देऊ केले तर परत परत टाकू नका, बुबुळ भरून यायला उशीर होतो. एक ते तीन दिवसांत बहुधा बरं वाटतं. तोवर त्या माणसाला तीव्र उतारावर दोराशिवाय उतरवू नका. तीन दिवसांनीही दुखत असेल किंवा नजर अंधुक राहिली तर खाली डॉक्टरकडे.

आणि गॉगल हिमभेगेत गेला, राखीवही नाही, तर पुठ्ठा घ्या. बिस्किटाच्या खोक्याचा चालतो. डोळ्यांसमोर येईल तिथे दोन-तीन मिलिमीटरची आडवी चीर पाडा, नाकासाठी खाच कापा, आतली बाजू मार्करने किंवा काळ्या चिकटपट्टीने काळी करा आणि दोरीने डोक्याला बांधा. चष्म्यावर बांधलात तर नंबरही राहतो. पायाखालचं कमी दिसेल, म्हणून दोरावर मधल्या जागी राहा आणि सावकाश उतरा.